पोऱ्या पहिलीला गेला, आता दिवाळीपर्यंत घरी काय करायचं?

जून संपत आला की शाळेच्या गेटवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले, पोऱ्यानं वहीत एक अक्षर नाही लिहिलं अजून." आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या इंग्लिश मीडियमवाल्याचं उदाहरण येतं, तो म्हणे झेडपर्यंत लिहून दाखवतो. मी अमळनेरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, गेटवर उभ्या-उभ्या जे सांगते ते एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. पहिलं सत्र म्हणजे जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. एवढ्या काळात पहिलीच्या पोरानं भरपूर बोलायचं असतं, ऐकायचं असतं आणि हातानं कायकाय करायचं असतं. लिहिणं मागून येतं, आणि बोललेल्या-ऐकलेल्यावरच ते उभं राहतं. घरी तुम्ही जे करायचं तेपण ह्याच क्रमानं करा, वहीपासून सुरुवात करू नका.

आधी वयाचं बोलून टाकते. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हवीत. डिसेंबरात जन्मलेलं पोर जूनमध्ये साडेपाचच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी बसलेलं जानेवारीतलं पोर जवळपास साडेसहाचं. ह्या वयात एक वर्ष लई मोठं असतं हो. एकाला बूट घालता येतो, नाडी बांधता येते, दुसऱ्याला चड्डीचं हूक लागत नाही. त्यामुळे शेजारच्याशी, चुलतभावाशी तुलना करायच्या आधी दोघांचे जन्माचे महिने विचारा, निम्मं टेन्शन तिथंच जाईल.

शाळेत नेमकं चालतं काय

परिपाठापासून दिवस सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग मोठी पोरं दिनविशेष-बातम्या वाचतात. पहिलीवाले सुरुवातीला नुसते उभे असतात, कोणी आकाशाकडे बघतंय, कोणी पुढच्याची कॉलर ओढतंय. जुलैपर्यंत अर्धी प्रतिज्ञा पाठ झालेली असते, अर्थ माहीत नसतो पण लय बसलेली असते. वर्गात आलं की गाणी, हातवारे करून कविता, एखाद्या मोठ्या चित्रावर गप्पा, गोष्ट. पाटीवर उभ्या-आडव्या-तिरप्या रेघा, गोल, अर्धगोल. खिडकीतून बघणाऱ्या बापाला वाटतं की नुसतं नाचगाणं चाललंय.

त्या नाचगाण्यात काम चाललेलं असतं. "कपाशी, कढई, कानबाई" हे तिन्ही शब्द सारख्या आवाजानं सुरू होतात हे ज्या पोराच्या कानाला कळलं त्याला "क" हे अक्षर दाखवलं की ते लगेच चिकटतं. ज्याच्या कानाला कळलं नाही ते "क" शंभर वेळा गिरवतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच अक्षराकडे अनोळखी माणसासारखं बघतं. म्हणून आधी कान तयार करायचा. घरी हे करायला कुठलं पुस्तक लागत नाही, भाकरी थापता थापता करता येतं. "मी म्हणते भाकर, तू भ वरून अजून एक सांग." भरीत, भाऊ, भुईमूग, भोपळा. चुलीजवळ बसलेली आजीपण खेळते मग. चार-आठ दिवसांनी शेवटचा आवाज धरा, "वावर, घागर, भाकर, शेवटी काय ऐकू आलं?" पोराला उत्तर आलं नाही तर तुम्ही सांगून पुढे जा, त्याची परीक्षा मांडून बसू नका.

संध्याकाळी घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" असं विचारलं की उत्तर येतं "काही नही". विषय संपला. त्यापेक्षा बारीक विचारा. शेजारी कोण बसलं होतं, खिचडीत आज काय टाकलं होतं, कोण रडलं, कोणतं गाणं झालं, त्याचे हातवारे करून दाखव बरं. पोर उभं राहून करून दाखवायला लागलं की थांबत नाही, आणि "आधी हे झालं, मग ते झालं" असं क्रमानं सांगणं ही पहिलीतली मोठी शिकायची गोष्ट आहे. पुढे गोष्ट समजणं आणि चौथीत निबंध लिहिणं ह्याच्यावरच अवलंबून असतं.

घरची बोली तोडू नका

ह्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या खान्देशात हा मोठा घोळ आहे. धुळं, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा ह्या बाजूला घरात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, तावडी, सातपुड्यात चढलं की पावरी, भिली, नवापूरकडे मावची. पोर सहा वर्षं हीच भाषा बोललेलं असतं आणि जूनच्या एका सकाळी त्याच्या समोर पुस्तकातली मराठी येते. मग काही घरांत आई-बाप ठरवून टाकतात की आता पोराशी "शुद्ध" बोलायचं. आईला स्वतःला ते नीट येत नसतं, ती अडखळत चार ठरलेली वाक्यं बोलते, "बाळा जेवण केले का", आणि पोर गप्प होतं. ज्या घरात दिवसभर बडबड चालायची तिथं संध्याकाळी शांतता. नुकसान इथं होतं बघा.

तुम्ही अहिराणीतच बोला, बिनधास्त बोला, भरपूर बोला. "माय, आज वावरमा काय व्हयनं?" ह्याच्यावर पोराला चार वाक्यं सांगा, त्याची चार ऐका. ज्याच्याकडे सांगायला भरपूर आहे ते पोर पुस्तकातली मराठी वर्षभरात उचलतं. शाळेत आम्ही काय करतो तर पोरानं "माले पानी पेवानं शे" म्हटलं की "हो, मला पाणी प्यायचं आहे, जा पिऊन ये" असं उत्तर देतो. त्याचं वाक्य चुकलं असं म्हणत नाही, आपलं वाक्य त्याच्या शेजारी ठेवतो. दोन महिन्यांत ते दोन्ही बोलायला लागतं, मॅडमशी एक आणि दोस्ताशी एक. ज्या मॅडम-सरांना पोराची बोली येत नाही त्यांच्यासाठी तुम्हीच मदत करू शकता. पावरी किंवा मावची घरातले असाल तर रोजच्या कामाचे वीस-तीस शब्द कागदावर लिहून द्या, पाणी, भूक, दुखतंय, लघवी, भीती वाटते. वर्गात पोर का रडतंय हेच कळत नाही तेव्हा हा कागद फार कामाला येतो.

लिहायला लागल्यावर ह्याचा एक परिणाम दिसतो तो आत्ताच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. बोलीत "ळ" चा "य" होतो, "ण" चा "न" होतो, कुठं "श" चा "स" होतो. त्यामुळे पोर फळा ला "फया" लिहील, केळीला "केयी", पाणी ला "पानी", शाळेला "साया". हे बघून काही बाप लाल पेनानं पान रंगवतात. अरे, पोरानं जे ऐकलं ते आवाजावरून बरोबर लिहिलंय, म्हणजे त्याला आवाज आणि अक्षर जोडता आलं. हीच तर पहिलीची खरी कमाई. त्याला "शाब्बास, आता पुस्तकात कसं लिहिलंय ते बघू" म्हणा, शेजारी "फळा" लिहून दाखवा आणि सोडून द्या. दुसरीत वाचन वाढलं की हे आपोआप निवळत जातं.

अक्षरं, आणि एसटीच्या पाट्या

आपल्या वेळी आधी अ ते ज्ञ, मग पूर्ण बाराखडी, मग कुठं शब्द. म्हणजे दिवाळीपर्यंत पोराला एकही शब्द वाचता यायचा नाही, नुसती घोकंपट्टी. आता अक्षरं थोडी-थोडी गटानं येतात आणि काना लवकर येतो, म्हणजे चार-पाच अक्षरं झाली की लगेच शब्द बनायला लागतात, काम, मामा, बाबा, असे. त्यामुळे "माझ्या पोराला ज्ञ येत नाही" म्हणून ऑगस्टमध्ये फोन करू नका. ज्ञ ला वेळ आहे. घरी शाळेच्या पुढे पळायचंपण कारण नाही. वर्गात ह्या आठवड्यात कोणती अक्षरं चालू आहेत ते पोराच्या पाटीवरून किंवा मॅडमला विचारून कळतं, तेवढ्याच अक्षरांचे शब्द घरात, बाजारात, रस्त्यावर शोधायचे.

आणि ह्यासाठी खान्देशातल्या पोराला एसटी स्टँडसारखी दुसरी जागा नाही. आपल्या तीन जिल्ह्यांत मिळून २५ तालुके, जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, आणि त्यांची नावं अशी आहेत की जणू कोणी पहिलीसाठीच बनवलीत. बघा, नुसता काना येणाऱ्या पोराला यावल, शहादा, जळगाव, भडगाव, धडगाव, धरणगाव ही नावं वाचता येतात. एक मात्रा शिकली की रावेर, जामनेर, अमळनेर मिळाले. काना-मात्रा आली की चोपडा, पारोळा, पाचोरा, तळोदा, बोदवड. वेलांटी-उकार झाले की धुळे, भुसावळ, शिरपूर, चाळीसगाव, नवापूर. अनुस्वाराला शिंदखेडा, एरंडोल, नंदुरबार. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, साक्री, मुक्ताईनगर, अक्कलकुवा.

करायचं असं. बस यायच्या आधी पोराला विचारा, आपल्याला धरणगावला जायचंय, धरणगाव कशानं सुरू होतं? ध नं. मग येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाटीवर ध शोध. धुळ्याची गाडी आली की ते ओरडेल "आली!", तेव्हा हसू नका, पुढचं अक्षर बघ म्हणा. ध च्या पुढे र आहे का? नाही, ळ आहे. म्हणजे ही आपली नाही. पोराला इथं खरंच काहीतरी हवं असतं, त्याला मामाच्या गावाला जायचंय, चुकीच्या गाडीत बसलं तर पंचाईत, त्यामुळे ते डोळे फाडून बघतं. वहीत दहा वेळा ध गिरवून जे होत नाही ते एका फेरीत होतं. स्टँड लांब असेल तर तिकिटावर बघा, दुकानाच्या पाटीवर, कॅलेंडरवर, बियाण्याच्या पिशवीवर बघा. खताच्या गोणीवरची अक्षरं मोठी आणि जाड असतात, पहिलीच्या डोळ्याला सोपी जातात. (कीटकनाशकाची बाटली मात्र वाचायलासुद्धा पोराच्या हातात देऊ नका.)

वाचताना पोर अडखळलं की लगेच शब्द सांगून टाकायची घाई असते आपल्याला. मनात पाच आकडे मोजा, मग पहिला आवाज सांगा, मग उरलेला त्याला जोडू द्या. आणि चित्र बघून अंदाजानं वाचत असेल तर वाचू द्या, फक्त नंतर "हे अक्षर कुठंय ते दाखव" म्हणून बोट ठेवायला लावा.

हात तयार होऊ द्या

पाचसहा वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल पेलायला अजून कच्ची असतात. जबरदस्तीनं लिहायला लावलं की ते पेन्सिल मुठीत पकडतं, जोर देऊन पान फाडतं आणि मग ती पकड पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. बोटांत ताकद आणायला घरातली कामं पुरतात: शेंगा सोलणं, लसूण निवडणं, कणकेचा गोळा मळणं, कपडे वाळत टाकताना चिमटे लावणं, कापसातली सरकी वेगळी करणं.

आणि पोळा. श्रावणाच्या अमावस्येला पोळा येतो तेव्हा आमच्या शाळेत मातीचे बैल बनवतात. बहुतेक शाळांत बनवतात. काळी माती भिजवायची, खडे काढायचे, मळायची, आणि मग बैल करायचा. हे जवळ बसून बघा एकदा. आधी पोर एक लांबडा गोळा करतं आणि त्याला चार पाय चिकटवतं, पाय बारीक केलेले असतात त्यामुळे बैल लगेच बसतो. मग ते पाय जाड करतं. मग वशिंडासाठी चिमूट वर ओढतं, इथं अंगठा आणि दोन बोटं बरोबर पेन्सिलच्या पकडीत येतात. शिंगांसाठी दोन बारीक वळ्या, दोन्ही सारख्या लांबीच्या व्हायला हव्यात, एक मोठी झाली की ते स्वतःच तोडून मोजतं. डोळ्यांसाठी ज्वारीचे दाणे. तास-दीड तास पोर हलत नाही. पकड, मोजमाप, डावं-उजवं, वजन कसं तोलायचं, सगळं त्यात आलं. घरी माती आणून दिली तर पोळ्याच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस पोर गुंतून राहतं. बाजारातून रेडिमेड प्लास्टरचा रंगीत बैल आणून दिला की हे सगळं गेलं.

लिहायला सुरुवात करताना वहीच्या बारीक रेघांत कोंबू नका. अंगणात खडूनं मोठं अक्षर काढा, पोराला त्याच्यावरून चालू द्या. ताटात राख किंवा बारीक वाळू पसरून बोटानं काढू द्या. मग पाटी. मग मोठ्या रेघांची वही. डाव्या हातानं लिहीत असेल तर लिहू द्या, त्याच्या हातावर फटके मारणारे आजोबा अजून आहेत गावात, त्यांना समजवायचं काम तुमचं.

आकडे

इथं पोरांची एक खास अडचण होते, ती मराठीत मोजणाऱ्या सगळ्याच पोरांची होते. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो म्हणून पोर ५२ लिहितं. ते हुशार नाही म्हणून लिहीत नाही, कानाला जे आधी आलं ते आधी लिहितं. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचायची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गोंधळ झाला होता, आठवत असेल. माझं म्हणणं, घरी दोन्ही बोला. "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच." पंचवीस सोडायचा नाही, बाजारात तोच लागतो, पण आत काय आहे ते पोराला दिसलं पाहिजे.

दिसायला काड्या लागतात. तुरीच्या वाळलेल्या काड्या बोटाएवढ्या तोडून ठेवा, शंभरेक. दहा मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा झाला. दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या, पंचवीस. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या, बावन्न. दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा कोणतं जास्त. पोर ढिगाकडे बघूनच सांगतं, मग आकडा लिहिताना डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्ट्या. हे एकदा डोळ्यात बसलं की ५२-२५ चा घोळ कमी होतो. एकोणतीस, एकोणचाळीसला हाच खेळ, चार गठ्ठे मांडा आणि एक काडी काढून घ्या, "चाळीसला एक कमी". नव्व्याण्णव मात्र ह्या रांगेत बसत नाही, तो तसाच पाठ करावा लागतो, काय करणार.

पण हे दुसऱ्या सत्रात. पहिल्या सत्रात २० पर्यंत पक्कं झालं तरी पुष्कळ. आणि पक्कं म्हणजे धडाधड म्हणून दाखवणं नाही बरं का. पाहुणे आले की "शंभरपर्यंत म्हण" सांगतात, पोर म्हणतं, सगळे खूश. त्याच पोराला "मला सात चिंचोके दे" म्हटलं तर मूठभर देतं. मोजताना एका वस्तूवर एकच बोट आणि एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे कळायला वेळ लागतो. त्यासाठी घरात कामं द्या. आज जेवायला किती जण, तेवढी ताटं मांड. कपात दोन चमचे साखर टाक. केळीच्या फणीत किती केळी, दोन खाल्ली तर किती उरली. अंगणात कोंबड्या किती, पाय किती? (ह्या प्रश्नावर अर्धा तास शांतता मिळते, अनुभव आहे.) दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी देऊन किराण्यावर पाठवा, तेरा रुपयांची वस्तू म्हणजे एक नोट तीन नाणी. म्हाताऱ्या माणसांना विसा-विसानं मोजायची सवय असते, तीन विसा म्हणजे साठ, त्यांनापण खेळात घ्या, पोरांना मजा वाटते.

पाढे? पहिलीत नको. दोनाचा पाढा जोड्यांनी येऊ दे, चपला, बैल, कान.

इंग्रजी पहिलीपासूनच आहे आपल्याकडे, पण ह्या सत्रात ते ऐकण्या-बोलण्याचं असतं, गाणी, सूचना, रंगांची नावं. घरी स्पेलिंग पाठ करून घेऊ नका.

सण, पाऊस, कापूस

भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई (आपल्याकडचा मुलींचा सण) बसते ती कोजागिरीपर्यंत. मुलींची गाणी होतात आणि खाऊ ओळखायचा असतो. डबा कानाजवळ हलवून बघायचा, गोड का तिखट, ओलं का कोरडं, भाजलेलं का तळलेलं, असं एकेक विचारत विचारत नावापर्यंत पोचायचं. सरळ "लाडू का" विचारलं तर संधी वाया जाते हे पाच-सहा वर्षांच्या पोरीला दोन दिवसांत कळतं. वर्गात मी हाच खेळ भाज्या आणि प्राणी घेऊन खेळते. मुलगे लांब उभे राहतात त्यांनापण बसवा, खाऊ दिला की बसतात.

पावसाळ्यात दप्तराची एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोपर्यंत धरलंय आणि दुसरीपर्यंत घरचा अभ्यास नकोच म्हटलंय. तरी लोक पाठीवर पोरापेक्षा मोठी बॅग आणि त्यात पाच वह्या भरून पाठवतात. पाटी, एक वही, पुस्तक, पाण्याची बाटली, पुरे. बॅगेत एक जादा चड्डी पिशवीत घालून ठेवा, पहिलीत लागते.

सकाळी काहीतरी खाऊन पाठवा. २०२४ पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरतात, त्यामुळे चहा-बिस्किटावर धाडायची गरज नाही, भाकरीचा कुस्करा दुधात चालतो. शाळेतला आहार पहिली ते पाचवीसाठी १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ह्या हिशोबानं ठरलेला असतो, तो दुपारचा झाला. उपाशी आलेलं पोर अकरापर्यंत पेंगतं आणि तेवढ्यात अक्षरांचा तास निघून जातो.

खरा घोटाळा हजेरीत होतो. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. शाळा भरते, पोर येत नाही. जूनमध्ये पेरणीला घर बंद करून सगळे वावरात, मग पाऊस, मग सण, आणि दसऱ्याच्या आसपास कापूस वेचायला सुरुवात झाली की धाकट्याला सांभाळायला पहिलीतली ताई घरी. पोर एक दिवस चुकलं तर भरून काढता येतं. सलग आठवडा गेला की ज्या अक्षरांच्या गटात ते नव्हतं तो गट पुढे वाचताना वारंवार अडवतो, आणि पोराला वाटतं आपल्याला येतच नाही, मग ते यायलाच कंटाळतं. वेचणीच्या दिवसांत धाकट्याला अंगणवाडीत सोडायची सोय बघा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी जायचं असेल तर निघायच्या आधी मुख्याध्यापकांना सांगा. पोर आजी-आजोबांकडे ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय गावात आहे का विचारा, आणि सोबत नेणार असाल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत ते बसू शकतं. न सांगता निघून गेलात तर आम्हाला पोर कुठं शोधायचं तेच कळत नाही.

मोबाईलबद्दल एवढंच, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून कविता ऐकवायला तो ठीक आहे. पोराच्या हातात देऊन तुम्ही उठून गेलात की कविता दोन मिनिटांत संपते आणि रील सुरू होतात.

दिवाळीच्या आधी मॅडमला काय विचारायचं

सत्र संपताना प्रगतीपुस्तकात श्रेणी मिळते, अ-१, अ-२, ब-१ अशी. लोक श्रेणी बघतात, सही करतात, निघतात. खाली नोंदी लिहिलेल्या असतात त्या वाचा. आणि श्रेणीपेक्षा हे विचारा: गोष्ट ऐकून दोन वाक्यं सांगतो का? न बघितलेला दोन अक्षरी शब्द जोडून वाचतो का? दहा-पंधरा वस्तू न चुकता मोजतो का? वर्गात कोणाशी बोलतो? ह्यातलं जे जमत नसेल तेवढंच सुट्टीत घरी घ्या. निपुण भारत म्हणजे केंद्र सरकारचं लहान पोरांच्या वाचन-गणिताचं अभियान, त्यात पहिलीच्या वर्षाच्या शेवटी अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंतचे आकडे लिहिता-वाचता यावेत असं धरलंय, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत आकडे. म्हणजे दिवाळीला पोराला वाक्यं वाचता येत नसतील तर अजून अर्धं वर्ष हातात आहे.

पण काही गोष्टी मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका. पोर फळ्याजवळ जाऊन बघतं, हाक मारली तर मान वळवत नाही, बोललेलं घरच्यांशिवाय कोणालाच कळत नाही, असं काही असेल तर ऑगस्टमध्येच मॅडमला सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा ते पोर नेमकं गैरहजर असतं असा माझा दरवर्षीचा अनुभव आहे, तर पथक कधी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी कितीही पाऊस असला तरी पाठवा.